येसाजीनं हात आवरला

दहिवलीच्या शाळेवर माझी बदली झाली एकोणचाळीस साली. बिऱ्हाड कर्जतात होतं, नदी ओलांडून रोज सायकलनं शाळेत जायचो. तिसऱ्याच महिन्यात पुलाच्या उतारावर एक म्हैस आडवी आली आणि मी सायकलसकट तिच्यापुढे लोळण घेतली. उजवा हात खांद्यातून निखळून लोंबायला लागला. दोघा माणसांनी मला धरून एका घराच्या ओटीवर नेऊन बसवलं. तिथं चाळिशीचा, बारीक चणीचा एक माणूस सागवानाच्या तुकड्यातून सोंगटी कोरत बसला होता. त्यानं सुरी बाजूला ठेवली, माझ्या खांद्यावर नुसता तळवा टेकवला आणि विचारलं, "मास्तर, पाढे येतात का तुमाला?"

"येतात," मी कण्हत म्हणालो.

"मग एकोणतीसचा म्हणा. मोठ्यानं."

एकोणतीस चोक सोळोदरसे म्हणेपर्यंत खांदा जागेवर बसलासुद्धा. पाचे मी म्हणालो नाही, किंचाळलो, असं तिथली माणसं पुढे कित्येक वर्षं सांगत होती.

तो येसाजी घारे. थोडी भातशेती होती, पण आसपासच्या वीस गावांत त्याची ओळख हाडवैद्य म्हणून. विद्या मामाकडून आलेली. मनगट, कोपर, खांदा, नडगी, काहीही असो, डोळे मिटून बोटांनी चाचपायचा आणि हाड कुठं सरकलंय ते सांगायचा. बांबूच्या कामट्या, उडदाचं पीठ, अंड्याचा बलक आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, एवढंच त्याचं सामान. बढाई त्याच्या तोंडून कधी ऐकली नाही. बढाई मारायला आम्ही होतो.

आम्ही म्हणजे तिघं. मी, आबाजी ठोंबरे आणि धाकलू. आबाजीकडे भाड्याची बैलगाडी होती, पण त्याचा जीव होता शर्यतीच्या बैलांत. एका शर्यतीत गाडीखाली येऊन त्याची मांडी मोडली होती. धाकलू शेतकरी, नाद मासे धरायचा. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यामुळे पेज नदी उन्हाळ्यातही वाहती असायची. तिथं गळ टाकून तो दिवस दिवस बसायचा. त्याचा कोपर जांभळीवरून पडून मोडलेला. तिघांचीही हाडं येसाजीनं बसवलेली. शाळा सुटली, गुरं घरी आली, की आम्ही त्याच्या ओटीवर जमायचो. सोंगट्यांचा पट मांडला जायचा, पण खेळ कमी आणि गप्पा जास्त. गप्पांचा विषय फिरून फिरून तोच.

"मांडी मोडली ना माजी," आबाजी सुरू करायचा, "तवा हाड आत असं फिरत व्हतं, जात्यावानी. पाटलाचा म्हातारा म्हनला, ह्यो काय आता चालत नाय. आन बघा!" म्हणून तो ओटीवर थाडथाड पाय आपटायचा.

"जात्यावानी म्हनं," धाकलू म्हणायचा. "माज्या कोपराचं हाड तर मागं फिरलं व्हतं. वीस हातांवरनं पडलो मी."

येसाजीची मुलगी सुंदरा आतल्या उंबऱ्यावर बसून हे सगळं ऐकायची. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली, एकुलती एक. तिला आमच्या तिघांच्या कहाण्या पाठ होत्या.

"मागल्या खेपेला पंधरा हात म्हनला होतास, धाकलूकाका."

"जांबळ वाढली आसंल गं."

येसाजी मान खाली घालून सोंगटी कोरत हसायचा. त्याची बायको बायजा आतून म्हणायची, "आवो, ह्यांच्या मोडक्या हाडांवर आपलं घर उभं हाय वाटतं." म्हणायची हसूनच. त्या काळात लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, साखर दिसत नव्हती, आणि त्या ओटीवर आम्हाला कशाचीच उणीव वाटत नव्हती. मोडलेलं पुन्हा सांधलं गेलंय, याचं एक वेगळंच सुख असतं. माणूस ते दहादा सांगतो. अकराव्यांदा सांगताना ते थोडं वाढतं.

चव्वेचाळीस सालच्या माघात महडच्या गणपतीच्या जत्रेला जायचं आबाजीनं काढलं.

"पोरीला दाखवलंयस काय तू, येसाजी? कर्जतच्या टेसनापल्याड गेली नाय ती. दोन गाड्या जुपू. बायामान्सं, पोरंसोरं, समदी जाऊ."

"माजी जत्रा नदीवर," धाकलू म्हणाला.

"मास्तरांच्या बाईसाहेब आल्या, तर तुला काय धाड भरलीय?" आबाजी त्याच्यावर खेकसला.

सुंदरा वडलांकडे बघत होती. तेव्हा ती अकरा वर्षांची. येसाजी म्हणाला, "जाऊ," आणि ती आत पळाली.

आबाजीच्या गाडीत येसाजी, बायजा, सुंदरा, मी आणि माझी बायको द्वारका. धाकलूच्या गाडीत त्याचा कबिला आणि त्याची आई सोनाबाई. पहाटे निघालो, पळसदरीवरून खोपोलीला आलो आणि दुपार कलायच्या आत महडला पोचलो. दर्शन झालं. सुंदरा पाळण्यात बसली, हिरव्या बांगड्या भरल्या, गोडी शेव खाल्ली. आणखी एकदा पाळण्यात बसायचंय म्हणून हट्ट धरला आणि येसाजीनं तोही पुरवला. मुक्काम तिथंच देवळाजवळच्या आंबराईत केला आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी करून परत निघालो.

पुढं जे झालं ते मी कितीदा तरी मनात उलटसुलट करून पाहिलंय. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. मुंबई-पुणे रस्ता त्या वेळी मोकळा होता. आबाजीचे बैल रात्रभर विसावलेले, दमदार. सुंदरा त्याच्या मागं उभी राहून म्हणाली, "आबाकाका, शर्यतीत पळतात तशी पळव ना."

"बस खाली गं," बायजा म्हणाली.

पण आबाजीला तेवढंच हवं होतं. त्यानं बैलांच्या शेपट्यांना हात घातला, तोंडानं आवाज काढला, आणि गाडी सुटली. द्वारकानं माझा हात घट्ट धरला. सुंदरा हसत होती. येसाजीसुद्धा हसत होता, मी पाहिलं.

वळणावरून लष्कराच्या लॉऱ्या आल्या. घाट उतरून मुंबईकडे निघालेल्या, एकामागून एक. पहिलीचा भोंगा वाजला तसे बैल बुजले आणि रस्ता सोडून डावीकडे खाली उतरले. चाक दगडावर चढलं, गाडी कलंडली. आम्ही गवतात फेकलो गेलो. सुंदरा कलंडलेल्या गाडीखाली सापडली.

आम्ही पुरुषांनी गाडी उचलली. तिची डावी नडगी मोडली होती आणि हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलं होतं. पांढरं. त्यावर माती लागलेली. ती रडतही नव्हती, नुसती बापाकडे बघत होती.

तिसरी का चौथी लॉरी थांबली. एक हवालदार उतरला, उंच, पिकल्या मिशांचा. तो खाली वाकला, पाय पाहिला आणि हिंदीत म्हणाला, "हड्डी बाहर आ गई है. इसको अस्पताल ले जाओ. हम बंबई जा रहे हैं. बच्ची को और माँ-बाप को बिठा लो, जल्दी."

बायजानं पोरीच्या मानेखाली हात घातला. "चला," ती म्हणाली. "चला, उचला."

"सोजिरांच्या गाडीत?" आबाजी ओरडला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वयनी, डोकं फिरलं का? पोरगी हाय ती. कुटं नेतील, कुटं टाकतील!"

"आन जायाचं कशापायी?" धाकलू पळत आला होता. त्यानं बाही वर सारून कोपर पुढं केला. "येसाजी हितं हाय की! ह्यो बघ माजा हात. मुंबईच्या डाक्टरानं केलता का ह्यो?"

"माजी मांडी," आबाजी म्हणाला. "येसाजी, माजी मांडी बसवलीस तू. ही तर नडगी हाय. पोराटोरांचं हाड, पटकन धरतंय."

येसाजी पोरीच्या पायाशी बसला होता. त्यानं हात पुढं केला होता, पण हाडाला लावला नव्हता. हळूच म्हणाला, "भाईर आलंय रं. ह्ये येगळं हाय."

"चला म्हनते मी!" बायजा म्हणाली.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला. ट्रेनिंग कॉलेजात प्रथमोपचाराचं एक लहान पुस्तक आम्हाला होतं. त्यात स्पष्ट लिहिलेलं की हाड बाहेर आलं असेल तर हात लावू नये, जखम स्वच्छ कापडानं झाकावी आणि तडक इस्पितळात न्यावं. मला पान आठवत होतं. त्या पानावरचं चित्रसुद्धा.

मी म्हणालो, "इस्पितळात नेलेलं बरं. पण…"

"पण काय, मास्तर?" येसाजीनं विचारलं. माझ्या तोंडाकडे तो असा बघत होता, की मी सांगेन ते तो करणार होता.

"पण तुझा हात आहे म्हणजे तशी काळजी नाही," मी म्हणालो.

का म्हणालो? आबाजी आणि धाकलू दोघंही बोलले होते, मी वेगळं बोललो असतो तर येसाजीवर विश्वास नाही असं झालं असतं. मला ते अवघड वाटलं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

मागच्या लॉऱ्यांचे भोंगे वाजायला लागले. हवालदारानं एकदा बायजाकडे पाहिलं, खिशातून पट्टीची पुडी काढून तिच्या हातात दिली आणि लॉरीत चढला. लॉरी गेली.

येसाजीनं मग हात लावला. मी पोरीचे खांदे धरले, धाकलूनं मांडी. येसाजी म्हणाला, "सुंदरा, मास्तरांनी शिकवलेले पाढे म्हन." तिनं सुरुवात केली आणि मग तिला शुद्ध राहिली नाही. हाड आत गेलं. बोटांनी चाचपून तो म्हणाला, "बसलं." घरी नेऊन त्यानं जखमेवर हळद भरली, पीठ आणि बलक लावून कामट्या आवळल्या. पट्टी नेहमीसारखी सुरेख बांधलेली होती.

दोन दिवस ती बरी होती. ओटीवर खाटल्यावर पडून बोलायची. आबाजीनं तिच्यासाठी लाकडाची गाडी करून आणली. धाकलूनं मरळ मासा आणून दिला, "कालवन कर, हाड लवकर धरतं." तिसऱ्या दिवशी ताप चढला. चौथ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर गेलो तेव्हा दारातच वास आला. गोडूस, कुजका. येसाजी खाटेजवळ बसला होता. त्यानं पट्ट्या सोडल्या होत्या. पायाची बोटं काळीनिळी पडली होती आणि नडगी दुप्पट सुजली होती. दाबलं की कातडीखाली बारीक करकर व्हायची.

"मास्तर," तो म्हणाला, "मला ह्यातलं काय कळत नाय."

मी कर्जतला पळालो आणि डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी पाहिलं, मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता मुंबई. संध्याकाळच्या गाडीनं येसाजी, बायजा आणि मी तिला घेऊन निघालो. डब्यातली माणसं वासानं उठून पलीकडे जात होती. बायजा पदरानं तिच्या तोंडावरच्या माश्या वारत होती.

इस्पितळात दुसऱ्या दिवशी मांडीपासून पाय कापला. तरी विष वर चढलेलं होतं. तीन दिवस ती जगली. शुद्धीवर आली तेव्हा एकदाच बोलली, पाय खाजतोय म्हणाली. जो पाय नव्हता, तो.

ती गेल्यावर मोठे डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. येसाजी शेजारी उभा होता. ते गेल्यावर त्यानं विचारलं, "काय म्हनले?"

"म्हणाले, फार प्रयत्न केले. नशीब."

"एवढंच नाय म्हनले. बराच येळ बोलत व्हते." तो माझ्याकडे बघत राहिला. "मास्तर, मी बाप हाय, आन हाडवैद्य बी हाय. मला खरं सांगा."

मी सांगितलं. ज्या दिवशी मोडला त्याच दिवशी आणली असती, जखम धुतली असती, तर पोरगी वाचली असती. कदाचित पायसुद्धा.

येसाजीनं मान डोलावली. मग जिन्याखाली बायजा बसली होती तिथं गेला आणि तिच्यासमोर उकिडवा बसून तिला ते जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं ती हंबरडा फोडेल. तिनं फक्त विचारलं, "त्या लॉरीनं आलो असतो, तर?"

"व्हय," तो म्हणाला.

आम्ही तिघं परत आलो.

त्यानंतर ओटीवरची ती बैठक मोडली. आबाजीनं महिन्याभरात शर्यतीचे बैल विकले. येसाजीच्या दारावरून जाताना तो मान वळवून जायचा. धाकलू नदीवर असायचा. मी शाळेत यायला दुसरी वाट धरली. लांबची, चिखलाची, पण त्या घरासमोरून न जाणारी. आपल्या मोडलेल्या हाडांची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. पावसाळी हवेत माझा खांदा ठणकायचा. द्वारकानं तेल लावू का म्हणून विचारलं तरी मी नको म्हणायचो.

येसाजीनं हाडाला हात लावणं सोडलं. लोक यायचे आणि तो "माज्याकडं आता नाय" म्हणून आत जायचा. लोकांना वाटलं, दुःख ताजं आहे, वर्षभरात येईल ठिकाणावर.

पावसाळा सरल्यावर डोंगरातल्या वाडीवरचा मंगळ्या नावाचा ठाकर मध काढताना कड्यावरून पडला. मांडी मोडली होती. सहा माणसांनी त्याला घोंगडीच्या झोळीत घालून आणलं आणि येसाजीच्या अंगणात ठेवलं. येसाजी नाही म्हणाला. माणसं तिथंच बसली. जायला त्यांना दुसरी जागाच माहीत नव्हती. ऊन अंगणातून सरकत गेलं. मंगळ्या दात खाऊन कण्हत होता. मी शाळेच्या पडवीतून पाहत होतो. शेवटी येसाजी आत गेला, मुंडासं बांधलं, कांबळं खांद्यावर टाकलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "उचला. टेसनावर."

तो त्यांच्याबरोबर मुंबईला गेला. चार दिवस मंगळ्याच्या उशाशी राहिला. मुंबई काय असते हे त्या सहा जणांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

तिथून ते सुरू झालं. कुणाचं काहीही मोडलं, की येसाजी त्याला घेऊन मुंबईची गाडी धरायचा. खालापूर, कळंब, कुठूनही माणसं यायची. तो फक्त एवढं करायचा की मोडलेल्या हातापायाला दोन काठ्या सैलसर बांधायचा, जखम असेल तर उकळलेल्या कापडानं झाकायचा, हाडाला बोट लावायचा नाही. इस्पितळातले लोक त्याला ओळखायला लागले. एका तरुण डॉक्टरनं त्याला एकदा दरडावलं, "तुम्ही गावठी वैद्यच पोरांचे हातपाय घालवता." येसाजी म्हणाला, "व्हय साहेब." इंग्रजी कागद वाचायला म्हणून मी त्या खेपेला बरोबर होतो. मला बोलावंसं वाटलं, आणि याही वेळी मी बोललो नाही.

गावाला मात्र हे सोसेना. साधं मनगट मुरगळलं तरी मुंबई कोण गाठणार? ऐन लावणीत गडी दोन दोन दिवस घालवणार का? सेहेचाळीस साली धाकलूची आई सोनाबाई परसात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. दोन वर्षांनी धाकलू पहिल्यांदा येसाजीच्या ओटीवर चढला.

"येसाजी, म्हातारी हाय माजी. जखम नाय, काय नाय. तुला डोळं झाकून येतंय."

"मुंबईला चल. मी येतो संगं."

"ऐंशी वर्सांची म्हातारी! गाडीत मरंल ती." धाकलूचा आवाज चढला. "तुजा हात लुळा पडलाय का? पोर गेली म्हून गावाला शिक्षा देतोस व्हय?"

"गावाला नाय रं," येसाजी म्हणाला.

धाकलू पायरी उतरला, पुन्हा चढला. मग म्हणाला, "त्या दिशी मी बोललो म्हून ना? सांग की तोंडानं. दोन वर्सं झाली, सांगत का नाय तू?"

येसाजी कांबळं घ्यायला आत गेला. धाकलूनं आईला दुसऱ्या गावच्या एका माणसाकडे नेलं. त्यानं मनगट वाकडं बसवलं. म्हातारी पुढं मरेपर्यंत डाव्या हातानं जेवली. धाकलू आणि येसाजी पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत.

मी बायजाशी बोललो तो सत्तेचाळीसच्या दिवाळीत. येसाजी कुणाला तरी घेऊन मुंबईला गेला होता. ती अंगणात भात वाळत घालत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ते पुस्तक मी वाचलेलं होतं, मला माहीत होतं, आणि तरी मी तसं बोललो.

तिनं काम थांबवलं नाही. पायानं भात पसरत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं व्हतं तुमाला ठावं नसंल. म्हून मी तुमाला कधी दोष दिला नाय."

तिनं रिकामी टोपली उपडी केली.

"आता ठावं झालं," ती म्हणाली. "जावा तुमी घरी."

एकोणपन्नासच्या वैशाखात ती विहिरीच्या पायरीवर पडली. उजवं मनगट. मी तेव्हा पुन्हा त्या घरासमोरून जायला लागलो होतो. सुट्टीत शाळेचं दप्तर बघायला आलो होतो आणि गलका ऐकून गेलो. येसाजी मुंडासं बांधत होता. दोन काठ्या आणि पट्टी पुढ्यात होती.

बायजा ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. मोडलेला हात डाव्या हातात धरलेला. "मी येत नाय," ती म्हणाली.

"चल बायजे. गाडीची येळ व्हतीय."

"त्या इस्पितळाच्या जिन्याखाली मी पुन्यांदा बसनार नाय. बसवा तुमी."

"मी बसवत नाय."

"ठावं हाय. मला बसवा."

तो उभा राहिला. ती बसून राहिली. गाडीची वेळ टळली. शेजारच्या गोदानं पाणी आणून दिलं तेही तिनं घेतलं नाही. हात सुजत चालला होता. ती घामानं भिजली होती पण आवाज चढवत नव्हती. एकदा म्हणाली, "त्या दिशी मी सांगितलं ते कुनी ऐकलं नाय. आज तरी ऐका."

येसाजी खाली बसला. मुंडासं सोडलं. त्यानं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. पाच वर्षांत त्यानं मोडक्या हाडावर बोट ठेवलं नव्हतं. त्याची बोटं नुसतीच तिच्या मनगटावरून फिरत राहिली, जागा सापडेना. डोळे मिटले. पुन्हा उघडले. मी पुढं होऊन तिचा कोपर धरला. त्यानं मला नको म्हटलं नाही, तिनंही नाही. मग त्यानं एकदाच ओढलं. ती दातावर दात रोवून गप्प राहिली. त्याच्याच तोंडून आवाज निघाला, जनावरासारखा. असा आवाज त्यानं मुंबईच्या इस्पितळातसुद्धा काढला नव्हता.

कामट्या बांधायला त्याला बराच वेळ लागला. पट्टी वाकडीतिकडी झाली. बांधून झाल्यावर तो तिचा हात मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला आणि ती भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून होती. मी उठून आलो.

हात सांधला, पण पूर्वीसारखा वळायचा नाही. भाकरी थापताना ती आता जरा तिरकी बसायची. गावात बातमी झाली की येसाजीनं पुन्हा हात लावला. आठवड्याच्या आत तीन माणसं दारात आली. एकाचं बोट, एकाचा घोटा आणि खालापूरहून आणलेला एक गवंडी, मांडी मोडलेला. येसाजीनं बोटवाल्याला आणि घोटेवाल्याला सांगितलं, "चलायचं आसंल तर चला, मी संगं येतो." ते चिडून परत गेले. गवंड्याच्या मांडीला त्यानं सैलसर काठ्या बांधल्या. बायजानं फडक्यात चार भाकऱ्या बांधून दिल्या, आणि तो गवंड्याच्या झोळीमागून स्टेशनच्या वाटेला लागला.